कॉलेजात नववीचं गणित कशाला?

प्रश्न : माझी भाची लग्नानंतर कॅलिफोर्नियात राहते. बी.कॉम. झालेली आहे. जावईबापूंच्या नोकरीमुळे तिकडे गेली आणि आता घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाते म्हणते. तिने पाठवलेली विषयांची यादी वाचून मी चक्रावलो. म्हणायचं कॉलेज आणि शिकवायचं काय, तर नववीतलं बीजगणित, टक्केवारी आणि इंग्रजीचं व्याकरण! तेही तिशी-पन्नाशीच्या माणसांना. ज्यांना एवढंही येत नाही त्यांना कॉलेजात घेतातच कसे? आणि भाचीने नेमकी सुरुवात कुठून करावी?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

उत्तर : सर, घेतातच कसे याचं उत्तर सोपं आहे. त्यांना घ्यावंच लागतं. कॅलिफोर्नियात वय १८ पूर्ण असलं किंवा हायस्कूल पार पडलेलं असलं, की सरकारी कम्युनिटी कॉलेज तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. टक्के विचारत नाहीत, कट-ऑफ लागत नाही, पहिली यादी-दुसरी यादी हा प्रकार नाही. (नर्सिंगसारख्या मोजक्या जागांच्या शाखांना मात्र वेगळी रांग असते.) १९६० साली या राज्याने उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचा एक-अष्टमांश भाग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे, म्हणजे बर्कली, लॉस एंजलिस वगैरे. वरचा एक-तृतीयांश कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीकडे. आणि बाकी सगळे कम्युनिटी कॉलेजांकडे. या बाकीच्यांसाठी पुढची वाटही मोकळी ठेवली. इथे दोन वर्षं नीट शिकलं, तर तिसऱ्या वर्षाला त्याच बर्कलीत जाता येतं. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि वर्षाकाठी वीस लाखांच्या आसपास माणसं तिथे शिकतात.

कल्पना मुळात कॅलिफोर्नियाची नव्हे. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली हायस्कूलमध्येच पुढच्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले, सहा विद्यार्थ्यांवर. आज चालू असलेल्यांत ते सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज. कॅलिफोर्नियात १९१० साली फ्रेझ्नोला पहिलं निघालं. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने शिक्षणाचा खर्च दिला, तेव्हा या कॉलेजांचं पेव फुटलं.

दार उघडं ठेवलं की आत कोण येईल ते आपण ठरवायचं नसतं. संध्याकाळच्या सातच्या वर्गात दिवसभर गोदामात खोकी उचलून आलेला पोरगा असतो, दोन मुलांना आईकडे सोडून आलेली बाई असते, फौजेतून सुटून आलेला जवान असतो, व्हिएतनाममधून किंवा मेक्सिकोतून आलेले आजोबा असतात. शाळा सोडून काहींना वीस वर्षं झालेली असतात. अपूर्णांकांची बेरीज तुम्ही-आम्ही तरी रोज कुठे करतो? त्यांच्या विसरण्यात मला नवल वाटत नाही.

आता गणिताकडे येऊ. आपल्याकडे कला शाखेचा मुलगा दहावीनंतर गणिताला रामराम ठोकतो, तो जन्माचा. अमेरिकेत तशी सोय नाही. पदवी इतिहासाची घ्या, नाटकाची घ्या, कॉलेजच्या पातळीचा गणिताचा एक विषय आणि इंग्रजी लेखनाचा एक विषय सहसा कुणालाच चुकत नाही. म्हणजे ज्या मुलाला आपल्याकडे बी.ए.ला गणिताचं तोंडही पाहावं लागलं नसतं, तो तिकडे त्याच गणितापाशी अडून बसतो. तुमच्या यादीतले वर्ग निघाले ते अशा अडलेल्यांसाठी.

पाया कच्चा असेल तर आधी पाया भरा, हे कुठल्याही मास्तरांना सुचेल. तिथल्या मास्तरांनाही तेच सुचलं. त्यातून उतरंड तयार झाली. सगळ्यात खाली अंकगणित, मग बीजगणिताच्या तयारीचा वर्ग, मग प्राथमिक बीजगणित, मग मध्यम बीजगणित, आणि मग कुठे संख्याशास्त्र किंवा कॉलेज अल्जिब्रा, ज्याचे युनिट, म्हणजे पदवीसाठी मोजायचे श्रेयांक, विद्यापीठ धरतं. खालच्या वर्गांना फी भरायची, सत्र घालवायचं, परीक्षा द्यायची आणि विद्यापीठाच्या हिशेबात हाती शून्य.

कोण कुठल्या वर्गात बसणार हे वर्षानुवर्षं संगणकावरच्या एका चाचणीने ठरत असे. ॲक्युप्लेसर आणि कंपास ही त्यातली दोन चलती नावं. पोरं नाव नोंदवायला यायची, त्यांना एका खोलीत संगणकासमोर बसवायचे. तयारी नाही, उजळणी नाही, आणि या तासाभरावर आपलं वर्ष-दीड वर्ष ठरणार आहे याची अनेकांना कल्पनाही नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१२ साली दाखवून दिलं की या चाचण्यांच्या भरवशावर गणितात चारातला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी साफ चुकीच्या वर्गात जाऊन पडतो. त्यापेक्षा हायस्कूलचे गुण जास्त भरवशाचे. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या मास्तरांनी दिलेले गुण एका तासाच्या चाचणीपेक्षा खरे ठरावेत, यात आपल्याला विशेष काही वाटणार नाही. तिकडे मात्र मोठी खळबळ उडाली. २०१६ मध्ये कंपास तर तिच्या कंपनीनेच बंद केली.

पण चाचणी हा अर्धाच दोष. उरलेला अर्धा उतरंडीतच होता, आणि तो समजायला नववीचंच गणित पुरतं. समजा शंभर जण तयारीच्या वर्गात बसले. प्रत्येक वर्गात सत्तर टक्के पास होतात असं धरू. कुठल्याही कॉलेजला हा निकाल चांगलाच वाटेल. पास झालेल्यांतले ऐंशी टक्के पुढच्या सत्राला पुन्हा नाव घालतात असंही धरू. उरलेल्यांची कामाची पाळी बदलते, पैसे संपतात, घरी कुणी आजारी पडतं. आता मोजा. शंभरातले सत्तर पास, त्यांतले छप्पन्न प्राथमिक बीजगणिताला येतात. त्यांतले एकोणचाळीस पास, एकतीस पुढे येतात. त्यांतले बावीस मध्यम बीजगणित पार करतात, सतरा-अठरा जण संख्याशास्त्राच्या वर्गात बसतात आणि शेवटी पास होतात बारा. सढळ हाताने ऐंशी टक्के निकाल आणि नव्वद टक्के हजेरी धरली, तरी हाती तीसच लागतात. आकडे मी हिशेबापुरते घेतले आहेत, पण खरी परिस्थितीही फार वेगळी नव्हती. २०१० च्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की गणिताच्या तयारी-वर्गांकडे पाठवलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांशच ती उतरंड पूर्ण करतात. आणि पुष्कळसे नापास होऊन गळत नाहीत. काही पहिल्या वर्गात पाऊलच टाकत नाहीत, काही पास होऊन पुढच्या वर्गाला येत नाहीत.

यातली गंमत, खरं तर खंत, अशी की यात कुठल्याही एका शिक्षकाचा दोष दिसत नाही. प्रत्येकाच्या वर्गाचा निकाल सत्तर टक्के. सगळ्या वर्गांचा मिळून गुणाकार कुणी करत नव्हतं. तो मांडला कॅलिफोर्नियातल्याच दोन प्राध्यापिकांनी, हेवर्डच्या शाबो कॉलेजमधल्या केटी हर्न आणि लॉस मेडानोस कॉलेजमधल्या मायरा स्नेल यांनी. एक इंग्रजीची, एक गणिताची. २०१० साली त्यांनी ही उतरंड तोडण्याची मोहीमच हाती घेतली.

पण उतरंड तोडून करायचं काय? आधी कळस मग पाया? हो, जवळपास तसंच. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली तीन कम्युनिटी कॉलेजांत एक प्रयोग झाला. प्राथमिक बीजगणिताला पात्र ठरलेल्या ९०७ विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीन वाटण्या केल्या. काहींना नेहमीच्या बीजगणिताच्या वर्गात, काहींना बीजगणित आणि जोडीला दर आठवड्याचा मदतवर्ग, आणि काहींना थेट वरच्या संख्याशास्त्रात, जोडीला तसाच मदतवर्ग. पहिल्या गटात सुमारे ३९ टक्के पास झाले, दुसऱ्यात ४५ आणि संख्याशास्त्रात ५६. वरच्या वर्गाचा निकाल खालच्या वर्गापेक्षा चांगला! पुढे पदवी मिळवण्यातही हे संख्याशास्त्रवाले आघाडीवर राहिले.

शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे, मला कल्पना आहे. पण संख्याशास्त्राच्या पहिल्या विषयाला काय लागतं ते पाहा. टक्केवारी, दशांश, आलेख वाचणं, सूत्रात किंमत घालून उत्तर काढणं. वर्गसमीकरणाचे अवयव पाडणं त्याला लागत नाही. परिमेय पदावल्यांचा भागाकार लागत नाही. म्हणजे ज्या पायावर ही पोरं वर्षभर घाम गाळत होती तो पाया भलत्याच इमारतीचा होता. अभियंत्याला बीजगणित हवंच. समाजसेवेचं काम करू पाहणाऱ्या बाईला संख्याशास्त्र जास्त उपयोगाचं.

त्यावरून २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. असेंब्ली बिल ७०५ या नावानेच तो ओळखला जातो. विद्यार्थ्याला एका वर्षात विद्यापीठ-पातळीचं गणित आणि इंग्रजी पार करण्याची जास्तीत जास्त संधी मिळेल अशाच वर्गात त्याला बसवायचं, आणि जागा ठरवताना हायस्कूलचे गुण पाहायचे. २०१९ पासून सगळ्या कॉलेजांना तो पाळावा लागला. २०२२ मध्ये असेंब्ली बिल १७०५ ने तो आणखी आवळला. त्यामुळे तुमच्या भाचीने पाठवलेल्या यादीत खालचे वर्ग दिसत असले, तरी दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ते मूठभरच उरले असतील.

सगळे खूश आहेत असं नाही. वर्षाच्या आत गणित पार करणारे वाढले हे खरं, पण थेट वरच्या वर्गात बसून नापास होणारेही संख्येने वाढले. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना सरळ कलनाच्या वर्गात ढकलावं की आधी प्रीकॅल्क्युलस द्यावं, यावर प्राध्यापकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. आणि त्या भांडणात मी प्राध्यापकांच्या बाजूचा आहे, कारण कलनाला बीजगणित खरोखरच लागतं. आणखी एक नुकसान फारसं कुणी बोलत नाही. पन्नाशीच्या एखाद्या बाईला पदवी नको असते, विद्यापीठ नको असतं. शाळेत राहून गेलेलं बीजगणित तिला निवांत शिकायचं असतं. तिचा वर्ग या सुधारणेत बंद झाला. काही कॉलेजांनी तो बिनयुनिटाचा, बिनफीचा करून जिवंत ठेवला आहे, पण सगळीकडे नाही.

आता इंग्रजी. इथे मात्र मी तुम्हाला उलटं सांगणार आहे. गणितात खालून सुरुवात करणं बहुधा तोट्याचं, भाषेत तसं नाही. अवयव न पाडता संख्याशास्त्र जमतं. ऐकलेलं कळल्याशिवाय व्याख्यान जमत नाही. आणि भाषेला तास लागतात, त्याला आडवाट नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला सहाशे ते साडेसातशे तास धरते आणि हिंदीसाठी अकराशे. हिंदी-मराठीकडून इंग्रजीकडे जाणाऱ्याचं अंतरही तेवढंच असेल असं मानू. पाच युनिटांचा इंग्रजीचा वर्ग म्हणजे आठवड्याला पाच तास, सत्र सोळा-सतरा आठवड्यांचं. झाले ऐंशी-पंच्याऐंशी तास. अकराशे तासांना असे तेरा वर्ग. सत्राला दोन घेतले तर तीन वर्षं आणि थोडे महिने. कायद्याने गणिताला एक वर्ष दिलं, पण परभाषिकांच्या इंग्रजीला तीन वर्षं. या हिशेबाने मला ती मुदत शहाणपणाची वाटते.

या वर्गांना तिकडे ईएसएल म्हणतात. दोन जाती आहेत. एक बिनयुनिटाचे, बहुतेक फुकट, गुणपत्रिकेवर न येणारे. त्यात डॉक्टरकडे दुखणं सांगणं, मुलाच्या शिक्षिकेशी बोलणं, नोकरीचा अर्ज भरणं असं रोजच्या गरजेचं इंग्रजी असतं. दुसरे युनिटवाले. वाचन-लेखन एका वर्गात, ऐकणं-बोलणं दुसऱ्यात, व्याकरण तिसऱ्यात. आणि शेवटच्या पायरीवरून विद्यार्थी थेट कॉलेजच्या इंग्रजी निबंधलेखनात उतरतो.

आपल्या माणसांचं गाडं कुठे अडतं ते ठरलेलं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे शब्द आणि काळ येतात. चुकतं ते ‘अ’ आणि ‘द’. मराठीत असलं काही नसतं. वर्गात उतारा येतो, गाळलेल्या जागा भरा. पहिल्यांदा कुत्रा दिसला तेव्हा ‘अ’, तोच कुत्रा पुढच्या ओळीत भुंकला की ‘द’, इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. मग शाळेत जाताना काहीच नाही आणि इस्पितळात जाताना ‘द’, इथे सगळा वर्ग चुकतो. आणि ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलेला आपला माणूस तर हटकून, कारण ब्रिटिशांच्या इस्पितळात हा ‘द’ नसतो. उच्चारात ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ला आपला एकच ‘व’. वेल म्हणजे वाइन आणि द्राक्षाची दारूही वाइन. ओठ दातांना लावायचे की गोल करायचे, याचा सराव आरशासमोर उभं राहून करावा लागतो. आणि निबंध पाठ करून उतरवण्याची आपली सवय तिकडे सरळ चोरीत मोडते; शून्य गुणही पडू शकतात.

आणि गणित आणि भाषा या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं समजू नका. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९८० च्या आसपास एक प्रश्न विचारला गेला, तो आजही गणित शिकवणाऱ्यांच्या तोंडी आहे. ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. प्राध्यापकांसाठी प आणि विद्यार्थ्यांसाठी व धरून समीकरण मांडा.’ अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारला होता. इंग्रजी त्यांची घरची भाषा, गणित कलनापर्यंत पोचलेलं. तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांनी चुकीचं लिहिलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी एकच चूक केली : ६व = प. डोळ्यांसमोर सहा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक येतो आणि हात तेच चित्र उतरवतो. पण प्राध्यापक दहा असले तर विद्यार्थी साठ, मग ६ × ६० = १० कसं होईल? बरोबर समीकरण व = ६प. आकडा घालून बघायची सवय असती, तर चूक दोन सेकंदांत सापडली असती. तुमच्या जुन्या शाळेत नववीच्या वर्गावर हा प्रश्न टाकून बघा सर, आणि मग स्टाफरूममध्येही.

आता भाचीबाई. त्यांनी बी.कॉम.ला व्यापारी गणित आणि संख्याशास्त्र केलं असणार. त्यांनी बीजगणिताच्या वर्गात बसणं म्हणजे फुकट एक सत्र घालवणं. भारतातली गुणपत्रिका तिकडच्या संगणकात नसते, अशा विद्यार्थ्यांसाठी बहुतेक कॉलेजांत स्वतःच पातळी ठरवण्याची सोय असते. काय काय शिकलात ते विचारतात आणि वर्ग सुचवतात. तिथे आपली माणसं नम्रपणाने खालचा वर्ग मागतात. ‘खूप वर्षं झाली, सगळं विसरले’ हे वाक्य तोंडात असतंच. त्यांना सांगा, वरचाच मागायचा आणि जोडीला मदतवर्ग मागायचा. इंग्रजीत मात्र बोलण्या-ऐकण्याचा एक वर्ग घ्यायला लाजू नये, कॉलेजात इंग्रजीतून परीक्षा दिलेल्या असल्या तरी.

बरं, त्यांना मुळात हे वर्ग हवेत की लेखाशास्त्राचे, हेही विचारा. तिकडे सीपीए, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखं, व्हायचं असेल तर लेखाशास्त्राचे आणि व्यवसायविषयांचे ठरावीक युनिट लागतात, आणि आपल्याकडच्या बी.कॉम.वाल्यांना कमी पडलेले युनिट हीच कॉलेजं स्वस्तात भरून देतात. त्याआधी पदवीचं मूल्यमापन एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागेल.

स्वस्तात म्हणजे किती? राज्याच्या रहिवाशाला २०१२ पासून युनिटला ४६ डॉलर. चार युनिटांचं संख्याशास्त्र १८४ डॉलरला पडतं, पुस्तकं वेगळी. डी अँझा, फूटहिल अशी तीन-तीन महिन्यांची सत्रं असलेली कॉलेजं युनिटला ३१ डॉलर घेतात, पण त्यांचं युनिटही तेवढंच लहान. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं दाखवावं लागतं. अवलंबितांच्या एच-४ व्हिसावर असलेल्यांनाही ते दाखवता येतं. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावाल्यांना नाही, आणि त्यांची फी कित्येक पटींनी जास्त असते. भाचीला जाऊन वर्ष झालं नसेल, तर युनिटवाले वर्ग थोडे थांबून घ्यावेत. तोवर बिनयुनिटाचं ईएसएल आहेच.


प्रश्न : आपल्याकडे असं काही का नाही?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : नावाने आहे. पुदुच्चेरीत १९९५ साली आणि चेन्नईत १९९६ साली कम्युनिटी कॉलेजं निघाली, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही योजना आणली. पण ती मुख्यतः हाताला काम देणाऱ्या कौशल्यांची. तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाण्याची रुळलेली वाट नाही. वृत्तीने जवळचं म्हणाल तर तुमच्याच गावी आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम. बारावी न झालेल्या प्रौढाला तो पार करून पदवीला बसता येतं. मुंबईतल्या रात्रशाळाही त्याच जातीच्या. पण दहावीच्या गणितात अडकलेल्या मुलाला आपण पुरवणी परीक्षा देतो, एटीकेटी देतो. संध्याकाळी सात वाजता समोर बसवून शिकवणारा शिक्षक देत नाही. तो पोरगा क्लासला पैसे असले तर क्लासला जातो, नसले तर गणित सोडतो.


प्रश्न : आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी मुलाकडे सॅन होजेला जाणार आहोत. टुरिस्ट व्हिसावर तिथल्या कॉलेजात इंग्रजीच्या वर्गाला बसता येईल का? दिवस कसे जाणार हाच प्रश्न आहे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : युनिटवाल्या, रीतसर अभ्यासक्रमाला नाही. बी-२ व्हिसावर शिक्षण घेता येत नाही, छंद म्हणून चालणारे छोटे वर्ग तेवढे चालतात. फुकटच्या ईएसएलला कुणी सहज नाव घालून घेईलही, पण व्हिसाची अट तुमच्यावर आहे, कॉलेजवर नाही. पुढच्या खेपेला विमानतळावर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. त्यापेक्षा मुलाला सांगून जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा. अनेक ग्रंथालयांत आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाची बैठक असते. स्वयंसेवक बोलतं करतात, आलेल्यांनी गोल करून बसायचं आणि तासभर गप्पा मारायच्या. युनिट नाही, परीक्षा नाही. पहिल्या दिवशी तुम्ही दोघं एकाच टेबलावर बसू नका, नाहीतर तासभर मराठीच बोलत बसाल.